लॉर्ना सालमीचे बाराशे

लॉर्ना सालमीचा कुणावरही विश्वास नव्हता आणि तिने ही गोष्ट कधी लपवून ठेवली नाही. नॉर्थ ब्लफच्या शाळेत दुधाची गाडी आली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत ती मागच्या दारात उभी असे आणि एकेक खोकं बोटाने मोजून घेई. सव्वीस वर्षं तीच डेअरी, शेवटची अकरा वर्षं तोच ड्रायव्हर, आणि एवढ्या काळात एकही खोकं कमी निघालं नव्हतं. "अजून निघालं नाही," लॉर्ना म्हणे.

चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण असलं की ती प्रत्येकीच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेई. कुणी पाककृती लिहून दिली तर घरी येऊन नवऱ्याला म्हणे, "यात काहीतरी गाळलंय बघ तिने." नवरा वेस रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर आयुष्य घालवून निवृत्त झालेला, शांत माणूस. बत्तीस वर्षांच्या संसारात तो एकच गोष्ट पक्की शिकला होता. बायकोला खरं सांगायचं, आणि तिने विचारायच्या आधी सांगायचं.

शाळेच्या स्वयंपाकघरात मात्र हा स्वभाव कामी येई. दोनशे दहा मुलांचं जेवण रोज साडेअकराला तयार लागे, आणि त्याचा सरकारी तक्ता रोज भरावा लागे. किती शिजवलं, किती वाढलं, किती उरलं. तीन रकाने, आणि तिन्ही जुळलेच पाहिजेत. लॉर्नाचे जुळत. राज्याचे तपासनीस येत, तास-दीड तास तिच्या तक्त्यांत चूक शोधत आणि शेवटी तिच्याच हातची कॉफी पिऊन निघून जात. या एका गोष्टीचा तिला मनापासून अभिमान होता.

पण गुडघ्याने दगा दिला. सव्वीस वर्षं फरशीवर उभं राहून डावा गुडघा पार झिजला होता. जिना चढताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि ते कुणी पाहिलं तर ती कांद्याचं नाव सांगे. जानेवारीत ती हाडांच्या डॉक्टरकडे गेली. डॉ. वेस्टरबर्ग ही उंच, कोरड्या आवाजाची बाई होती.

"गुडघा बदलायचा. पण दोनशे चाळीस पौंडांच्या वर मी सुरी लावत नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही दोनशे बासष्ट आहात. शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटते ना? दहा जूनची तारीख तुमच्यासाठी धरते. दोन जूनला इथे येऊन वजन करायचं. जास्त भरलं तर तारीख दुसऱ्याला."

वीस आठवडे आणि बावीस पौंड. ऑपरेशन उन्हाळ्यातच व्हायला हवं होतं, कारण शाळा समितीने लॉर्नाला तोंडावर सांगितलं होतं की सप्टेंबरात तू नीट उभी राहिलीस तर स्वयंपाकघर तुझं. नाहीतर दक्षिणेतल्या एका कंपनीचे बंद डबे मागवायचे आणि ते नुसते गरम करून द्यायचे. नमुन्याचा एक डबा आलाही होता. लॉर्नाने तो उघडला, राखाडी रंगाचं ते मांस काट्याने उलटंपालटं केलं आणि झाकण लावून टाकलं. तिच्या मुलांनी हे खायचं? त्या दिवशी घरी येऊन ती वेसशी काही बोलली नाही, आणि लॉर्ना बोलत नाही म्हणजे काय हे वेसला ठाऊक होतं. ती घाबरली होती.

वजन उतरवायचं तर रोज किती कॅलरी खायच्या, हा प्रश्न तिने आधी फोनमधल्या अॅपला विचारला. वय एकोणसाठ, उंची पाच फूट चार, वजन एवढं. आठवड्याला किती उतरवायचं, असं विचारल्यावर तिने सगळ्यात मोठा पर्याय दाबला, दोन पौंड. अॅपने क्षणात उत्तर दिलं. दिवसाला बाराशे.

हा आकडा लॉर्नाला आवडला. तो कडक होता, आणि कडक माणूस निदान लबाड नसतो असं तिचं मत होतं. शिवाय वेसची थोरली बहीण बर्नी बाराशेच्याच बाजूची होती. "मी तीन वेळा उतरवलंय बाराशेवर," बर्नी म्हणाली. चार वेळा वाढवलं होतं, ते तिने सांगितलं नाही आणि लॉर्नाने, एवढी संशयी असून, विचारलंही नाही.

डॉ. वेस्टरबर्गने तिला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाकडेही पाठवलं होतं. कॉलिन पेंगली त्याचं नाव, वय अठ्ठावीसच्या आसपास, आणि अंगाने असा की कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसे. त्याला पाहताच लॉर्नाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला भूक म्हणजे काय ते काय कळणार!

कॉलिनने कागदावर आकडे मांडले. "तुमचं शरीर दिवसाला साधारण तेवीसशे जाळतं. त्यातून पाचशे कमी करू. अठराशे खा."

"अठराशे?"

"हो. आठवड्याला एक पौंड जाईल. सुरुवातीला अंगातलं पाणी उतरतं, त्यात वरचे दोन. दोन जूनपर्यंत बसतं गणित."

"मी वजन कमी करायला आलेय, बाळा, वाढवायला नाही. फोनमधलं अॅप बाराशे सांगतं, माझी नणंदही बाराशेच म्हणते."

"मिसेस सालमी, बाराशे हा आकडा तुमच्यासाठी काढलेलाच नाही. तुम्ही घाई सांगितलीत, अॅप खाली उतरत गेलं, आणि त्याच्याखाली जायची त्याला परवानगी नाही म्हणून तिथे थांबलं. तुमच्या नणंदेलाही बाराशेच सांगितलं असेल."

"असेल. मग?"

"त्या कशा आहेत अंगाने?"

"चिमणी. एकशे साठ पौंड."

"तुम्ही बालवाडीतल्या मुलाला आणि आठवीतल्या मुलाला एकाच डावाने वाढता?"

लॉर्नाला आपले डाव आठवले. बालवाडीला सोळा नंबरचा डाव आणि आठवीला आठ नंबरचा; नंबर जितका मोठा तितका डाव लहान. तो नियमच होता, आणि तो तिच्याइतका कुणी पाळत नव्हतं. "वाईट दिवशीसुद्धा पाळता येईल असा आकडा घ्या," कॉलिन म्हणाला. "चांगल्या दिवशी काय, कुणीही उपाशी राहतं."

बोलणं तिला पटलं, आणि नेमकं म्हणूनच ती सावध झाली. गोड बोलून गळ्यात मारणारे तिने पुष्कळ पाहिले होते. संध्याकाळी तिने बर्नीला फोन लावला.

"लठ्ठ बाईला जास्त खा म्हणतो? कशाला म्हणेल कुणी असं?"

"अगं, त्याला फेऱ्यांचे पैसे मिळतात ना!" बर्नी म्हणाली. "तू झटपट बारीक झालीस तर त्याच्याकडे जाणार कोण?"

झालं. लॉर्नाला हवं ते उत्तर मिळालं. तिने कॉलिनचा कागद फ्रिजवर लावला खरा, पण अठराशेवर काट मारून बाजूला बाराशे लिहिलं.

पहिले तीन आठवडे वजन भराभर उतरलं. ती सकाळी काळी कॉफी आणि अर्धं सफरचंद घेऊन पहाटेच्या बर्फात कामावर जाई, दुपारी कोबीचं सूप, रात्री उकडलेला मासा. एकेक घास वहीत लिही. अर्धा चमचा लोणीसुद्धा. चौथ्या आठवड्यात काटा थांबला. पाचव्यात थांबलेलाच. सहाव्यात अर्धा पौंड वर गेला.

आता कुणीतरी फसवत होतं, एवढं नक्की. तिने आधी वेसला धरलं.

"भाजीत लोणी घालतोस तू."

"नाही घालत, लॉर्ना."

"शपथ?"

"शपथ. काल हरणाचं मांस परतताना घातलं होतं, पण ते माझ्या ताटातलं. तुला दाखवलं होतं."

तिने तरीही लोण्याच्या वडीवर सुरीने बारीक खूण करून ठेवली. खूण हलली नाही. मग तिने अॅपवर संशय घेतला आणि ब्रेडच्या पाकिटावरचे आकडे स्वतः तपासले. मग सूपच्या डब्यावर. वेस खुर्चीत बसून हे सगळं पाहत होता, आणि उपाशी बायको घरात असताना माणसाने जितकं गप्प राहावं तितका गप्प होता.

शेवटी राहिला काटा. दर शनिवारी सगळं सालमी कुटुंब बर्नीच्या घरामागच्या सॉनात जमे. तापल्या दगडांवर पाणी ओतून तासभर घाम काढायचा, बाहेर येऊन अंग पुसायचं, आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या काट्यावर एकेकाने उभं राहायचं. बर्नीच्या आईच्या काळापासूनची ही रीत. शनिवारचं वजन तेच खरं वजन, याबद्दल त्यांच्याकडे कुणाला शंका नसे. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तिथे लॉर्ना दोनशे त्रेपन्न भरली. सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर दोनशे छप्पन्न.

"तीन पौंड!" ती वेसला म्हणाली. "त्यांचा काटा जड आहे. मुद्दाम ठेवलाय. म्हणजे लोक फेऱ्या मारत राहतील."

"काटा कोण जड ठेवेल, लॉर्ना?"

"तेच शोधायचंय."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली ती काखेत मैद्याची दहा पौंडांची न फोडलेली पिशवी घेऊन. बाहेर बसलेल्या लोकांनी पाहिलं, पण लॉर्ना सालमीला कोण विचारणार. कॉलिनच्या खोलीत शिरून तिने ती पिशवी धपकन काट्यावर ठेवली. आकडा उमटला, दहा पूर्णांक एक दशांश.

"बघ!" लॉर्ना म्हणाली.

"तो पिशवीचा कागद आहे, मिसेस सालमी."

तिने वाकून पाहिलं. पिशवीवर लिहिलं होतं की आतला मैदा दहा पौंड. कागद वेगळा. लॉर्नाने काही कबूल केलं नाही. पिशवी तशीच उचलून ती बर्नीकडे गेली आणि सॉनाच्या काट्यावर ठेवली. तिथेही तोच आकडा. दोन्ही काटे खरे होते, आणि तरी तिच्या अंगात तीन पौंडांचा फरक पडत होता. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती पुन्हा कॉलिनसमोर बसली.

"घरी वजन कधी करता?" त्याने विचारलं.

"शनिवारी. सॉनानंतर."

कॉलिन हसला. हा मुलगा हसतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. "माझी आजीसुद्धा तेव्हाच करायची. मिसेस सालमी, तो घाम असतो. तीन पौंड पाणी. नंतर कॉफी प्यायलात की परत अंगात."

आयुष्यभर सगळ्या कुटुंबाने घाम मोजला होता, हे ऐकून लॉर्नाला बर्नीचा इतका राग आला की कॉलिनवरचा राग थोडा कमी झाला. तिने वही पुढे केली. त्याने पानन् पान वाचलं.

"इतकी स्वच्छ वही मी पाहिली नाही," तो म्हणाला. "पण या वहीप्रमाणे आजपर्यंत तुमचे सोळा-सतरा पौंड जायला हवेत. सहा गेलेत, तेही आधीच्या आठवड्यांत. म्हणजे काहीतरी वहीत येत नाहीये."

"मला खोटारडी म्हणतोस?"

"नाही हो."

"सव्वीस वर्षं सरकारचा तक्ता भरतेय मी. शिजवलं, वाढलं, उरलं. एक ट्रे इकडचा तिकडे नाही. तपासनीस हात टेकतात. आणि तू कालचा पोरगा मला सांगणार की मी लिहीत नाही?"

कॉलिन बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिला. मग संकोचून म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. मी तुमच्याच शाळेत होतो. नऊ वर्षं तुमच्या हातचं जेवलो."

लॉर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पेंगली. हिरव्या टोपीचा, गाजर न खाणारा. "मग?"

"गुरुवारी ब्राउनी असायची. चौकोनी, चारी बाजूंनी मऊ. नऊ वर्षांत मला एकदाही कडेचा तुकडा मिळाला नाही. माझ्या भावालाही नाही, कुणालाच नाही. आम्ही मुलं मागच्या बाकावर बसून यावर बोलायचो. कडा जातात कुठे?"

"कडा कापून टाकाव्या लागतात," लॉर्ना फटकन म्हणाली. "नाहीतर तुकडे सारखे येत नाहीत. एका मुलाला मऊ, एकाला कडक, हे चालत नाही. कडा वाढलेल्यात धरायच्या नसतात. उरलेल्यातही नाही. कडा कुठल्याच..."

ती थांबली. कडा कुठल्याच रकान्यात नसतात.

कॉलिनने टोपण पेनला लावलं. सव्वीस वर्षं ही बाई दूधवाल्याला, तपासनिसाला, नणंदेला आणि नवऱ्याला संशयाने बघत आली, आणि तेवढी सगळी वर्षं शाळाभरची पोरं तिच्यावर संशय घेत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तिचा चेहरा लाल झाला. ती उठली, वही उचलली आणि निरोप न घेता निघून गेली.

पण स्वभाव कुठे जातो? संशय घ्यायला आता नवा माणूस मिळाला होता, आणि लॉर्नाने त्याला तिथल्या तिथे पकडायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी तिने ओट्यावर एक रिकामा वाडगा ठेवला आणि स्वतःला बजावलं की आज हात जे तोंडाकडे नेईल ते या वाडग्यात टाकायचं.

साडेनऊपर्यंत वाडगा रिकामा होता. तिला बरंच वाटलं. पावणेदहाला पोटात खड्डा पडला, आणि मक्याच्या पावाचा मोठा ट्रे भट्टीतून बाहेर आला. तिने कडा कापल्या. सुरी उजव्या हातात होती, आणि डावा हात, तिने काही न सांगता, एक लांब कुरकुरीत पट्टी उचलून वर येत होता. लॉर्ना त्या हाताकडे बघत राहिली. चोर पकडल्यावर जसं पोलिसालाही जरा वाईट वाटतं, तसं तिला वाटलं. पट्टी वाडग्यात गेली. मग दुसरी. मग चीजचा कोपरा, ट्रेच्या तळाला चिकटलेली मॅकरोनी, चव बघायचा रस्सा चार वेळा. सगळं उभ्याउभ्या, काम करता करता. हे ती खात होती असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ताट नव्हतं, खुर्ची नव्हती, रकाना नव्हता. त्याला खाणं कोण म्हणेल?

दुपारी तिने वाडगा तोलून हिशेब केला. अकराशे कॅलरी.

बाराशे अधिक अकराशे म्हणजे तेवीसशे. अगदी कॉलिनने पहिल्या दिवशी लिहिला तोच आकडा. लॉर्ना उलट्या ठेवलेल्या दुधाच्या खोक्यावर बसली आणि रडली. कांद्याचं नाव तिने घेतलं नाही, ऐकायला कुणी नव्हतंही. पहिले तीन आठवडे निग्रहाने हात आवरला होता. मग भुकेने तो सोडवून घेतला होता. ती सकाळी जितकी कमी खाई, तितका पावणेदहाला तो हात लवकर उठे. आठ आठवडे तिने फुकट घालवले होते, आणि ते वेसने, बर्नीने किंवा काट्याने खाल्ले नव्हते.

सोमवारपासून ती अठराशेवर आली. पटलं म्हणून नव्हे. हे कसं फसतं ते बघायचं म्हणून, असं ती वेसला म्हणाली. सकाळी दोन अंडी आणि राईच्या पावाचे दोन टोस्ट. पावणेदहाला अर्धं सँडविच, ताटलीत, खुर्चीवर बसून. पहिल्या दिवशी तिला स्वतःचीच चोरी वाटली. एवढं खाऊन वजन उतरणार? कडा तिने कापल्या आणि हाताकडे नजर ठेवली. हात सुरीजवळच पडून राहिला. त्याला नको होतं. दुसऱ्या दिवशीही नको होतं. लॉर्नाला हे इतकं संशयास्पद वाटलं की तिने आठवडाभर वाडगा तसाच ठेवला. त्यात शुक्रवारी एक चीजचा कोपरा आणि चमचाभर रस्सा एवढंच निघालं, आणि तेही तिने वहीत लिहिलं.

वजन ती आता बुधवारी सकाळी, कोरड्या अंगाने करी. दोनशे पंचावन्न. दोनशे चौपन्न. एका आठवड्यात काहीच नाही, पुढच्यात दीड. त्या मधल्या आठवड्यात ती पुन्हा बाराशेकडे पळणार होती. तिने आकडा पुन्हा बदलू नये म्हणून वेसने फ्रिजवरचा कागद काढून खिशात घातला आणि दिवसभर दिलाच नाही. ईस्टरला वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला, तोही धरून आकडा पाळला. एप्रिल संपला, बर्फ वितळला, काळ्या माश्या आल्या. मे संपताना ती दोनशे चव्वेचाळीसवर होती.

आकडा खरा होता. फक्त आठ आठवडे उशिरा सुरू झाला होता. चार पौंड कमी पडले.

दोन जूनला पहाटे पाच वाजता बर्नीने सॉना पेटवला. आदल्या दिवशीच तिने फोन करून सांगितलं होतं, "रात्री पाणीसुद्धा पिऊ नकोस. इथे दोन फेऱ्या घाम काढू, आणि तशीच दवाखान्यात जा. चार पौंड म्हणजे काय गं! कुस्ती खेळणारी पोरं सहा काढतात."

लॉर्ना गेली. गेली हे लपवण्यात अर्थ नाही. कपडे बदलायच्या खोलीत ती टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. आतून दगडांचा चरचर आवाज येत होता. जीभ टाळूला चिकटली होती.

"चल ना," बर्नी दारातून म्हणाली. "वेळ जातोय."

"बर्नी, दूधवाल्याने खोक्यात कमी दूध भरून वर पाणी घातलं, तर मी काय केलं असतं?"

"फाडून खाल्लं असतंस त्याला."

"आणि मी आता पाणी काढून माप जुळवतेय."

"हे वेगळं आहे, बाई! हे तुझं स्वतःचं पाणी आहे. उन्हाळा गेला तर? स्वयंपाकघर गेलं तर?"

लॉर्नाला त्या राखाडी मांसाचा डबा आठवला, आणि तिला हुंदका आला. काट्याने खोटं बोललेलं तिने कधी चालवून घेतलं नव्हतं. आता ती स्वतः काट्याला खोटं बोलायला लावणार होती. "गेलं तर गेलं," ती म्हणाली, आणि नळाखाली तोंड धरून पोटभर पाणी प्यायली. बर्नीने कपाळावर हात मारला.

दवाखान्यातल्या काट्याने दोनशे चव्वेचाळीस आणि वर थोडं दाखवलं. डॉ. वेस्टरबर्गने आकडा पाहिला, मग लॉर्नाकडे पाहिलं.

"जीभ बाहेर काढा."

"काय?"

"जीभ. दाखवा."

लॉर्नाने जीभ दाखवली. डॉक्टरबाईने ती निरखली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. "ओली आहे," ती जरा नवलाने म्हणाली. "या भागातले लोक वजनाच्या दिवशी माझ्याकडे वाळलेल्या माशासारखे येतात. मागच्या वर्षी एकजण इथेच कोसळला. तेव्हापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाही."

इतक्या महिन्यांत ही बाई पहिल्यांदाच लॉर्नाला आवडली.

"पण चव्वेचाळीस म्हणजे चाळीस नव्हे," डॉक्टर म्हणाली. "दहा जून गेली."

लॉर्नाने मान हलवली. मग तिने वही उघडून टेबलावर ठेवली. डॉक्टरने चष्मा लावला. मार्चच्या मध्यापासूनचे अकरा बुधवार, एकाखाली एक. शेवटी एक रकाना तिने पट्टीने आखून वाढवला होता. वर लिहिलं होतं, 'कडा'. त्यात एकेक नोंद: मक्याचा पाव, एक पट्टी. चीज, कोपरा. काही नाही. काही नाही. काही नाही.

"हे काय?"

"जे मी धरत नव्हते ते."

डॉक्टरने पानं मागे-पुढे केली, बेरजा तपासल्या, दोन ठिकाणी स्वतः करून पाहिल्या. लॉर्नाने ते पाहिलं आणि तिला राग आला नाही. "अकरा आठवड्यांत बारा," डॉक्टर पुटपुटली. "म्हणजे चार जायला चार आठवडे. तीस जूनला या. सात जुलैला माझ्याकडे एक जागा आहे. सप्टेंबरात उभ्या राहाल, पण पहिला महिना काठी लागेल."

"सात जुलै?"

"मी म्हटलं ना."

"लिहून द्या," लॉर्ना म्हणाली.

डॉक्टरने लिहून दिलं. लॉर्नाने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

तीस जूनला काटा दोनशे एकोणचाळीस आणि अर्ध्यावर थांबला. लॉर्ना खाली उतरली, परत चढली, आणि तोच आकडा आला तेव्हा कुठे तिने पर्स उचलली.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी ती ओट्यामागे उभी होती. काठी फ्रिजला टेकवलेली, डावा गुडघा थोडा सुजलेला, पण तिच्या सांगण्यात राहणारा. ब्राउनीचे ट्रे समोर होते. या वेळी तिने चारी बाजूंच्या कडा ठेवल्या होत्या. तुकडे मापाने सारखे कापले होते, आणि तक्त्यात एकूण एक तुकडा धरला होता. रांगेत तिसरीतली एक पोरगी आली. तिने ताटातला तुकडा उचलला, त्याची कडक बाजू नखाने खरवडली, उलटा करून खालून पाहिला आणि डोळे बारीक करून लॉर्नाकडे पाहिलं.

"मिस लॉर्ना," ती म्हणाली, "याला काय झालंय?"